समाईक फणस

परवा सोमवारी, २९ एप्रिल २०२४ ला, मुंबई सिटी आणि एफसी गोवा या फुटबॉल संघांच्या सेमीफायनलचा दुसरा सामना आहे आणि मी गेले तीन दिवस घरात रुसलेल्या जावयासारखा वागतो आहे. चहा दिला तर पितो, विचारलं तर मान हलवतो. पिंगुळीत याची दखल फक्त आईने घेतली. "पॉट साफ जावक नाय काय रे?"

बाकी गावाला आयपीएल आहे, ७ मेचं मतदान आहे, काजूचा पडलेला भाव आहे. फुटबॉलचा गावातला एकमेव जाणकार मी. हे पद मला कुणी दिलेलं नाही आणि दुसऱ्या कुणी मागितलेलंही नाही, त्यामुळे २०१४ पासून ते बिनविरोध माझ्याकडे आहे. चहाच्या टपरीवर मी 'हाय प्रेस' म्हणतो तेव्हा समोरच्याला वाटतं, कुठल्या तरी वार्ताहराबद्दल बोलतोय. स्वतः मी शेवटचा फुटबॉल खेळलो तो नववीत. गोलकीपर होतो, कारण पळावं लागत नाही. त्या दिवशी मला सर्वांत जास्त पळावं लागलं, प्रत्येक वेळी जाळीमागच्या करवंदीत चेंडू आणायला.

एफसी गोव्याचं चिन्ह गवा. माझ्याकडे त्यांचा केशरी टी-शर्ट आहे, छातीवर गवा असलेला. आईचं माहेर माणगाव खोऱ्यातलं, तिथे गव्यांचे कळप रात्रीत शेत साफ करतात. तिने तो टी-शर्ट पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हणाली, "तेंनी आमचो वायंगण खाल्ल्यानी, नि तू तेंचो झगो घालून बसलंस!" तेव्हापासून तो धुवायला टाकला की सर्वांत शेवटी वाळत पडतो.

समोरची बाजू माझ्या चुलतभावाची. तो माझ्याहून आठ महिन्यांनी मोठा, म्हणून दादा म्हणायचं. दादा मुंबईला असतो आणि मुंबई सिटीचा आहे. त्याच्या संघामागे २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीवाल्यांचा पैसा आला, आणि दादा हे अशा थाटात सांगतो की जणू त्याचाच पीएफ त्यात गुंतलाय. आमची पैज ठरलेली आहे: सेमीफायनलला गोवा-मुंबई गाठ पडली तर जिंकेल त्याला त्या वर्षीचे समाईक फणस.

इथे भाऊबंदकीबद्दल थोडं बोललं पाहिजे. थोडं म्हणजे बरंच, कारण फुटबॉलइतकाच हाही माझा अभ्यासाचा विषय आहे. युरोपच्या सेमीफायनलला एकाच देशाचे दोन संघ समोरासमोर आले की तिकडच्या समालोचकांचा आवाज चढतो. त्यात नवल काय, मला कळत नाही. २००३ ची एसी मिलान आणि इंटर मिलानची गोष्ट घ्या. दोघांचं मैदान एकच, सान सिरो. एक घर, दोन चुली. पहिला सामना ०-०, दुसरा १-१, दोन्ही त्याच गवतावर. पण कागदोपत्री दुसऱ्या सामन्यात इंटर यजमान आणि मिलान पाहुणे, आणि पाहुण्याचा गोल जड धरायचा असा तेव्हाचा नियम. मिलान फायनलला. आपल्याच घरात पाहुणा म्हणून नाव लावून घ्यायचं आणि त्याच जोरावर घर मारायचं! ही युक्ती कुडाळच्या कोर्टात अजून कुणी लढवलेली नाही, म्हणून मोठ्याने बोलत नाही.

२००५ मध्ये लिव्हरपूल आणि चेल्सी. ॲनफिल्डवर चौथ्याच मिनिटाला लुईस गार्सियाने चेंडू ढकलला, चेल्सीच्या गालासने तो रेषेवरून बाहेर काढला. आत गेला होता की नव्हता? पंचांनी गोल दिला, तेवढ्या एका गोलावर लिव्हरपूल फायनलला गेलं, आणि चेल्सीवाले अजून मानत नाहीत. तिकडे त्याला भुताचा गोल म्हणतात. भुताचा कसला, हा सरळ गडग्याचा वाद. आमच्याकडे दगडांच्या गडग्याला पाय असतात. दर पावसाळ्यानंतर तो वीतभर शेजाऱ्याकडे सरकलेला असतो आणि सरकताना कुणीही पाहिलेला नसतो.

आमचा फणस अशाच गडग्यावर आहे. बुंधा आमच्या बाजूला, वजनदार फांद्या दादाच्या. वाटणीच्या कागदात 'फणस समाईक' एवढे दोनच शब्द, आणि त्यांवर दोन पिढ्यांचं बोलणं बंद. आधी उतरवायचे कुणी, यावर एका वर्षी इतकं ताणलं की सगळे फणस झाडावरच पिकून फुटले आणि वानरांनी खाल्ले. वानरांचं नाव कुठल्याही कागदावर नव्हतं.

पैजेमुळे निदान आम्हा दोघांचं बोलणं सुरू राहिलं. २०१९ मध्ये आम्ही मुंबईला त्यांच्या घरी ५-१ हाणलं; दोन्ही सामने मिळून ५-२. फणस इतके खाल्ले की घरात कुणाला फणसाचा वास सोसेना. २०२१ मध्ये दोन्ही सामने बरोबरीत सुटले आणि पेनल्टींवर आम्ही ६-५ हरलो, तेही बांबोळीच्या मैदानावर. सिंधुदुर्गात 'बांबोळीक व्हरूचा लागतला' म्हटलं की ऐकणारा पायांत चपला घालतो. मोठं दुखणं असलं की तिथलंच इस्पितळ. दादाने त्या रात्री एवढंच विचारलं, "आयसीयू की जनरल?" पण त्या मे महिन्यात कोरोनामुळे त्याला गावी येता आलं नाही. हरलेले फणस मीच खाल्ले.

त्या पराभवाचा मला राग वेगळ्याच कारणाने आला होता. मुंबईचा प्रशिक्षक लोबेरा हा आधी आमचा. बूमूस, जाहू, फॉल, आमचा मंदार राव देसाई, सगळे गोव्याचे, एका वर्षात मुंबईला गेले. चाकरमानी झाले! मी टपरीवर भाषण दिलं की ही मुंबई माणसं खाते. आमच्या वाडीत बंद घरं मोजायला दोन्ही हात लागतात. दादाच्या अर्ध्या घराची किल्ली आमच्याकडे असते. त्या घराशी भांडण असूनही मे महिना आला की आई गुपचूप तिथलं जाळं काढून येते. टपरीवर मी हेही सांगतो की मी मुंबईला गेलो नाही, तत्त्व म्हणून. गेलो होतो. नोकरीसाठी बारा दिवस दादाच्या खोलीवर राहिलो, मुलाखतींत कुणी घेतलं नाही. त्या बारा रात्री दादा बाहेर पॅसेजमध्ये झोपला आणि मला म्हणायचा, आत उकडतं रे.

असो. परवाच्या बुधवारचं सांगायचं राहिलं. गोव्यातल्या फातोर्ड्यावर पहिला सामना. १६व्या मिनिटाला बोरिस सिंग, ५६व्याला ब्रँडन फर्नांडिस. गोवा २, मुंबई ०. मी संयम पाळला. ८० मिनिटांपर्यंत दादाला एक अक्षर पाठवलं नाही. ८८व्या मिनिटाला संयम सुटला. झाडावरच्या सर्वांत मोठ्या फणसाचा फोटो पाठवायचा, खाली काही लिहायचं नाही, असं ठरवून टॉर्च घेऊन बाहेर पडलो. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात मोबाईल. फ्लॅश मारला की फणस भुतासारखा पांढरा येई, नाही मारला तर येतच नसे. सहा-सात फोटो काढले. त्यातला त्यात बरा निवडला, पाठवला आणि आत आलो. टीव्हीवर २-२. मला वाटलं, जुना कुठला सामना लावलाय. मग डोळ्यांदेखत मुंबईच्या छांगटेने तिसरा घातला. ९०व्या मिनिटापासून सहा मिनिटांत तीन गोल, त्यातले दोन माझ्या फणसाच्या फोटोत गेले. टपरीवर मात्र मी तिन्ही गोलांचं सविस्तर विश्लेषण केलं आहे.

पिंगुळी कळसूत्री बाहुल्यांचं गाव. दोऱ्या एकदम सुटल्या की बाहुली कशी मट्कन बसते, हे इथल्या पोरालाही ठाऊक असतं. आमची बचावफळी तशी बसली.

दादाने फोटोला उत्तर दिलं नाही. हिणवलं असतं तर मी भांडलो असतो. गुरुवारी नाही, शुक्रवारी नाही. ही दया मला सहन होईना.

अजून एक सामना आहे, एका गोलाचाच फरक आहे, आमचा प्रशिक्षक मार्केझ काहीतरी करील, असं मी सगळ्यांना सांगतो आहे. मनापासून सांगतो. तरी आज सकाळी गडी बोलावून फणस उतरवले. अकरा निघाले. आईने विचारलं, "सोमवारी ठरतला ना?" मी म्हटलं, वानरं फिरताहेत.

संध्याकाळी त्यातले पाच मुंबईच्या गाडीच्या डिकीत चढवले आणि दादाला फोन लावला. गाडीचा नंबर सांगितला, उद्या सकाळी उतरवून घे म्हटलं. पलीकडे जरा वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता.

"हे पैजेचे की वाट्याचे?" त्याने विचारलं.

"गाडी सुटता हा, ठेवतंय," मी म्हटलं.

ड्रायव्हर अजून चहा पीत होता.