कोल्हापूरची गाडी आणि शंभर ग्रॅम

बातमी घरी बसून ऐकू नये, रेल्वेत ऐकावी. घरी ती टीव्हीवाल्यांची असते. रेल्वेत डब्यातला प्रत्येक जण तिला हात लावतो, थोडी स्वतःकडे ओढतो, थोडी शेजाऱ्याला देतो, आणि पुढचं स्टेशन येईपर्यंत ती जिथे घडली तिथल्या लोकांनाही ओळखू येत नाही. यासाठी मुंबईहून सकाळी सुटणारी कोल्हापूरची गाडी अगदी नामी. दिवसभराचा प्रवास आणि क्रॉसिंगला थांबली की पुन्हा कधी हलेल याची कुणी हमी देत नाही. तेवढ्या वेळात एखादं सरकार पाडून नवं बसवता येतं.

७ ऑगस्ट २०२४. श्रावणाचा तिसरा दिवस, त्यामुळे कोल्हापूरकडची मंडळी आधीच जरा उदास. त्यात डबा जागरणाचा. आदल्या रात्री विनेश फोगट पॅरिस ऑलिम्पिकमध्ये एका दिवसात तीन कुस्त्या मारून अंतिम फेरीत गेली होती. पहिलीच कुस्ती जपानच्या युई सुसाकीशी, जी परदेशी मल्लाकडून कधी हरलीच नव्हती. तिला पाडल्यावर बाकीचं काय राहिलं? रुपं तर ठरलेलंच, आता सोनं. तिकडे हॉकीवाले उपांत्य सामन्यात जर्मनीकडून ३-२ हरले होते, पण विनेशच्या भरात त्यांना माफी मिळाली होती.

माझ्या समोर खिडकीशी सफारीतले काका. त्यांच्या पायांशी, बाकाखाली आणि वाटेत मिळून सामानाचे तीन डाग. शेजारी नागपंचमीला माहेरी निघालेल्या वहिनी, मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत ‘लाडकी बहीण’चे कागद. पलीकडे लॅपटॉपवाला मुलगा, घरून काम करायची परवानगी घेऊन गाडीतून काम करणारा. आणि बाकाच्या टोकाला ‘जरा सरकून घ्या’ म्हणत ठाण्याला टेकलेले चौथे गृहस्थ. तिघांच्या बाकावर चौथा म्हणजे निम्मा माणूस हवेत. पण यांना भारताच्या चौथ्या नंबरांची सगळी यादी तोंडपाठ होती.

“बबुता चौथा. तिरंदाजीची जोडी चौथी. मनू भाकर दोन पदकं घेऊन तिसऱ्याला चौथी. लक्ष्य सेन चौथा. स्कीटची जोडी चौथी,” ते बोटं मोडत म्हणाले आणि गाडीच्या हिसक्यासरशी बाकावरून खाली सरकले.

“अर्थसंकल्पात सोन्यावरची ड्युटी पंधरा टक्क्यांवरून सहावर आणली,” सफारीकाका म्हणाले. “तरी सोनं येईना. आता हीच आणणार.”

बांगलादेश आम्ही कल्याण ते बदलापूर एवढ्यात मिटवला. शेख हसीना सोमवारी देश सोडून हिंडनच्या विमानतळावर उतरल्या होत्या. त्यांनी पुढे कुठे जावं यावर डब्यात एकमत होईना म्हणून विषय राखून ठेवला. तेवढ्यात टीसी आले.

१ ऑगस्टपासून टीसी या प्राण्याकडे बघण्याची महाराष्ट्राची नजरच बदलली होती. मध्य रेल्वेतल्या टीसीने, स्वप्निल कुसाळेने, पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेतलं होतं. काळा कोट दिसला की संडासात जाऊन बसणारी माणसंसुद्धा आता उठून नमस्कार करत होती.

“काय साहेब, तुमचा नेम कसा आहे?” काकांनी विचारलं.

“विनातिकीटवाल्यावर धरतो. चुकत नाही.”

“पण तिन्ही पोझिशन? गुडघ्यावर, पालथं, उभं?”

“आम्हाला एकच. उभ्यानं. बसायला जागा कोण देतंय?”

वहिनींनी मान वर केली. “त्यो आमच्याकडचा हाय. कांबळवाडीचा. राधानगरी तालुका.”

“ओळख आहे?”

“वळख न्हाई. खरं यष्टी तीच जाती.”

टीसींची नजर मात्र खाली होती. “हे तीन डाग कुणाचे?”

काका एकदम नम्र झाले. “माझेच. पस्तीस किलोच्या आतच आहेत हो. अंदाजे.”

“मला अंदाजे पन्नास दिसतायत.”

“अहो, थोडं इकडे तिकडे चालायचंच. तुम्ही आता ऑलिम्पिकवाले. मन मोठं ठेवा.” टीसींनी एक निःश्वास सोडला आणि ऑलिम्पिकच्या पुण्याईवर ते डाग सोडून पुढे गेले.

कर्जतला मागून इंजिनं लागली, वडापाव आत आले आणि गाडी घाटात शिरली. बोगद्यात रेंज जाते, बोगद्याबाहेर येते, त्यामुळे लोणावळ्यापर्यंत देशाच्या बातम्या आम्हाला तुकड्यातुकड्यांनी मिळत होत्या. धबधबे दिसत होते. ते कुणी बघत नव्हतं.

पुण्याच्या अलीकडे मुलाने कानातून यंत्रं काढली. एवढ्यावरूनच डब्याला कळलं की काहीतरी झालंय, कारण ती यंत्रं त्याने वडापावसाठीही काढली नव्हती.

“विनेश बाद.”

“कुस्ती तर रात्री आहे ना?”

“कुस्तीच्या आधीच. सकाळच्या वजनात. पन्नास किलोच्या गटात शंभर ग्रॅम जास्त भरली.”

एरवी आमच्या डब्यात कोणतीही बातमी ऐकून निदान तिघं तरी ‘मला माहीतच होतं’ म्हणतात. या वेळी कुणी म्हणालं नाही. शिवाजीनगर येऊन गेलं. पुण्याला गाडी थांबली, सुटली, आणि हडपसरच्या पुढे चौकशी समिती बसली.

चौथ्या गृहस्थांनी थेट आरोपपत्रच ठेवलं. “काटा कुणाचा? त्यांचा. आमच्या गल्लीतला रेशनवाला किलोमागे पन्नास ग्रॅम कमी देतो, तो काटा काय देवाने सेट केलाय?”

“पण इथे जास्त भरलं ना?” मुलगा म्हणाला.

“तेच तर! रेशनवाल्याला खायचं असतं म्हणून कमी. यांना काढायचं होतं म्हणून जास्त. काटा माणूस बघून बोलतो.”

सफारीकाकांनी चष्मा पुसला. “हे बघा, भावना बाजूला ठेवा. नियम म्हणजे नियम. शंभर ग्रॅम काय, एक ग्रॅम जास्त म्हणजे जास्त. आपल्या देशात हेच होत नाही म्हणून...”

त्यांचं वाक्य पूर्ण झालं नाही. अख्खा बाक मान खाली घालून त्या तीन डागांकडे बघत होता.

“ते वेगळं,” काका म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर जेजुरीचा गड होता. त्यांनी भक्तिभावाने हात जोडले, जरा जास्तच वेळ.

नीरेला चणे-शेंगदाणेवाला चढला. मला वाटतं, त्या दिवशी देशाच्या कोणत्याही स्टुडिओत झाला नसेल असा प्रयोग मग आमच्या डब्यात झाला. चौथ्या गृहस्थांनी ऑर्डर दिली, “शंभर ग्रॅम दे. बरोब्बर शंभर. बघू तरी किती असतं.”

शेंगदाणेवाल्याकडे काटा नव्हता. त्याच्याकडे कळकट झालेलं पत्र्याचं माप होतं. ते त्याने टोपलीत बुडवून वर काढलं, अंगठ्याने वरचे चार दाणे मागे ढकलले, वर्तमानपत्राच्या तुकड्याचा द्रोण केला आणि ओतलं. “ह्ये शंभर. वीस-तीस वर्सांचा हात हाय.”

पुडी चौथ्या गृहस्थांनी तळहातावर घेतली आणि वरखाली केली. कुणी बोलेना. त्यांनी ती मुलाकडे दिली. मुलाने दोन बोटांनी उचलून बघितली, तोल घेतला, पलीकडच्या बाकावर दिली. तिथून ती मागच्या कप्प्यात गेली. “एवढ्यासाठी?” “हात्तिच्या!” “एवढं तर माझं पाकीट भरतं.” माणसं ती हातात घ्यायची, गंभीर व्हायची, विचाराच्या भरात दोन दाणे तोंडात टाकायची आणि पुढे द्यायची. संडासापर्यंत जाऊन, दाराशी उभ्या असलेल्यांचं मत घेऊन पुडी परत आली तेव्हा तिच्यात मूठभर दाणे आणि पुष्कळ सालं उरली होती.

वहिनींनी पुडी हातात घेतली. “आता भरती बघा गटात.”

लोणंदपर्यंत मुलाच्या फोनवर आणखी तपशील येत गेले. भारतीय पथकाचे वैद्यकीय प्रमुख डॉ. दिनशॉ पारडीवाला यांचं निवेदन आलं. उपांत्य फेरीनंतर तिचं वजन २.७ किलोंनी जास्त भरलं होतं. रात्रभर खटपट चालली. शेवटी केससुद्धा कापले.

“क्यास?” वहिनींनी विचारलं. “क्यासबी कापलं पोरीनं?” त्यांनी डोक्यावरचा पदर उगाच नीट केला आणि सालप्याचा घाट संपेपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. लाडक्या बहिणीचे कागद मांडीवर तसेच. त्यांचं खातं आधारला जोडलेलं नव्हतं, दीड हजार अडकले होते, आणि सकाळपासून त्यांना त्याचीच काळजी होती. ती काळजी तेवढा वेळ थांबली.

कोरेगावला पैलवान चढले. वय झालेलं, कान मोडून वाटोळे झालेले. त्यांना कुणी जागा द्यावी लागली नाही; ते बसले आणि जागा आपोआप झाली. चौथे गृहस्थ त्या भानगडीत पूर्ण हवेत गेले आणि मग कायमचे उभे राहिले. कुस्तीवर बोलायचं आहे आणि शेजारी खरा पैलवान येऊन बसलाय, हे चर्चेच्या दृष्टीने फार वाईट. सगळे एकदम त्यांच्याकडे बघू लागले.

“वजन तोडणं कुस्तीपरीस अवघड,” ते म्हणाले. “कुस्तीत निदान समोर माणूस असतो. हितं पाण्याच्या घोटाशी लढायचं. तोंड कोरडं पडतं, थुंकीबी येत न्हाई. ती त्रेपन्नवाली पोरगी, पन्नासात उतरली. त्यात दोन दिवस, दोन्ही दिवशी काट्यावर. पैल्या दिशी भरली. दुसऱ्या दिशी...” त्यांनी हात हवेत उडवला.

“म्हणजे चूक कुणाची?” काकांनी संधी साधली.

“काट्याला इचारा की.”

यावर समितीचं कामकाज तहकूब झालं. दरम्यान कोलंबोत श्रीलंकेविरुद्ध तिसरा एकदिवसीय सामना सुरू झाला होता. पहिला बरोबरीत, दुसरा हरलेला. मुलाने स्कोअर सांगितला, आणि दुखवट्याच्या घरात कुणीतरी रेडिओ लावावा तसे सगळे त्याच्याकडे बघू लागले. दोन मिनिटांनी काकांनीच हळूच विचारलं, “विकेट किती?”

कराड जवळ आलं तसे पैलवान उठले आणि खाशाबांचा विषय निघाला. तो निघणारच होता. कुस्तीच्या गप्पा मारत कराडवरून जायचं आणि खाशाबा जाधवांचं नाव काढायचं नाही, असं करणाऱ्याला साताऱ्यालाच उतरवतात. गोळेश्वरचे खाशाबा. १९५२, हेलसिंकी, सत्तावन्न किलो गट, कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. जायला पैसे नव्हते तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार उभे केले. महाराष्ट्राच्या वाट्याला पुढचं वैयक्तिक पदक यायला स्वप्निलची वाट बघावी लागली, बहात्तर वर्षं.

“पद्म मिळालं असेल ना त्यांना?” मुलाने विचारलं.

“न्हाई. अर्जुन मिळालं, तेबी गेल्यावर.” पैलवान दारात उभे राहिले आणि बाहेर हात केला. “ह्या ठेसनावरनं मिरवणूक निघाली हुती. शेदीडशे बैलगाड्या. आमचा बा हुता त्यात.”

प्लॅटफॉर्मवर त्या वेळी एक कुत्रं, दोन पार्सलं आणि चहाचा स्टॉल होता. आम्ही तरी उठून बघितलं. काकाही उठले, त्यासाठी त्यांना स्वतःच्याच तीन डागांवरून उडी मारावी लागली. (दोनच दिवसांनी त्याच सत्तावन्न किलोच्या गटात अमन सेहरावतने कांस्य आणलं. पैलवानांना काय वाटलं असेल ते विचारायला कराड मागे राहिलं होतं.)

श्रीलंकेने २४८ केल्या. सांगलीला डब्यात उत्साह होता. मिरजेला रोहित शर्माने फटकेबाजी सुरू केली, आणि विनेशवर अन्याय झाला असला तरी देश एकदम रसातळाला गेलेला नाही असं मत बनू लागलं. मग मिरजेच्या पुढे, जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी, अशी दर स्टेशनाला एक विकेट पडत गेली. गाडी कुठे थांबली हे बाहेर न बघता कळत होतं. रुकडीच्या आसपास तर क्रॉसिंगला इतका वेळ थांबलो की मधली फळीच गेली.

“चालवा हो लवकर,” चौथे गृहस्थ ओरडले. “स्टेशनं संपतील तेव्हा विकेटी थांबतील.”

पंचगंगेच्या पुलावर सगळ्यांनी सवयीने खिडकीतून मोबाइलचे टॉर्च खाली मारले. जुलैच्या शेवटी नदीने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली होती. अंधारात काहीच दिसलं नाही, पण ‘उतरलंय’ असं पाच जणांनी सांगितलं आणि ‘चढतंय’ असं दोघांनी. भारत १३८ मध्ये आटोपला. श्रीलंकेविरुद्धची मालिका १९९७ नंतर पहिल्यांदा हरलो, असं मुलाने वाचून दाखवलं तर कुणी दखलही घेतली नाही. एका दिवसात माणूस किती दुःख करणार?

कोल्हापूर आलं. काकांनी हमालाला बोलावलं. त्याने तिन्ही डाग एकदम उचलून बघितले आणि दर सांगितला. “एवढा?” काका म्हणाले. “पस्तीस किलो तर आहे.” हमालाने त्यांच्याकडे असं बघितलं की काकांनी पुढे घासाघीस केली नाही.

वहिनींना न्यायला भाऊ आला होता. मुलगा फोनमध्ये गजर लावत उभा होता.

“एवढ्या रातीचं काय आणि?” वहिनींनी विचारलं.

“रात्री एक वाजता अविनाश साबळेची शर्यत आहे. स्टीपलचेसची फायनल. तीन हजार मीटर.”

“कुठला ह्यो?”

“बीडचा. आष्टी तालुका.”

“ह्येचं वजन करत्यात का?”

“नाही हो. पळण्यात वजन नसतं.”

“मग पळू दे,” वहिनी म्हणाल्या आणि भावामागून यष्टी स्टँडकडे निघाल्या.