थेट न्यू जर्सीहून, चाळीसगावचा कौल

निवडणूक आली की चाळीसगावचं वारं न्यू जर्सीहून कळतं. चॅनेलवरच्या रात्री नऊच्या चर्चेला तिकडे उन्हाळ्यात सकाळचे साडेअकरा झालेले असतात. पक्षाचे परदेशस्थ स्वयंसेवक ऑफिसची मीटिंग म्यूट करून गळ्यात उपरणं घालतात आणि सांगतात, "ग्राउंडवर अंडरकरंट आहे." ग्राउंड म्हणजे मावसभावाचं व्हॉट्सअॅप. गिरणा धरणाचं आवर्तन किंवा कापसाचा भाव निघाला की नेमकं नेट जातं. लोकशाहीचा विषय आला की परत येतं.

बरं, मत तरी देतात का? 2010 च्या दुरुस्तीपासून परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मतदार होता येतं. अर्ज 6-अ भरायचा आणि मतदानाला मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर यायचं. 2024 च्या लोकसभेला देशभरात असे सुमारे 1 लाख 19 हजार मतदार नोंदलेले होते. आले तीन हजारांहून कमी, तेही बहुतेक केरळचे. मुलाखतीला विमानाचं तिकीट लागत नाही, हे खरं. तिकडचं नागरिकत्व घेतलेल्यांना तर इथे मतच नाही. त्यांचा आवाज सगळ्यांत चढा.

इकडे टीव्हीपुढे बसलेल्या आजीला अंडरकरंटचं काही नाही. "पोऱ्या बारीक व्हयी गया," म्हणते.