शिट्टीची परतफेड

शहापूर-मुरबाडकडं भात झोडून झालं, पेंढा रचला गेला, की मोकळ्या शेतांत दोन पिकं येतात : वाल आणि कबड्डीचे सामने. वाल जमिनीतल्या ओलीवर येतो. सामन्यांना मात्र धूळ बसवायला टँकर लागतो. भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी पाजणारी धरणं शहापूर तालुक्यात आहेत, आणि चैत्र-वैशाखात टँकरसाठी हंड्यांच्या रांगाही इथंच लागतात. त्यातल्या त्यात वेळेवर येणारा टँकर म्हणजे हा सामन्याचा. मैदान भिजलं, फक्कीच्या रेषा पडल्या, हॅलोजन लागले, स्टेजवर मान्यवरांच्या खुर्च्या मांडून झाल्या आणि माइकवाल्यानं 'हॅलो, माइक टेस्टिंग' सुरू केलं, की कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून एक गृहस्थ येतात. तेच पंचगुरुजी. त्यांना स्वतःची गाडी नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं कबड्डीच्या नियमांइतकंच ते महत्त्वाचं ठरणार आहे.

असे गुरुजी दोन्ही तालुक्यांत भरपूर. किन्हवलीकडचे निराळे, डोळखांबकडचे निराळे, धसईकडचे निराळे. पण एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. दिवसा जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग आणि रात्री हे. तरुणपणी डाव्या कोपऱ्यात खेळायचे, गुडघा गेल्यावर पंच परीक्षा दिली. गळ्यात शिट्टी, शर्टाच्या खिशात तीन कार्डं : ताकीद द्यायला हिरवं, दोन मिनिटं बाहेर बसवायला पिवळं, घरी पाठवायला लाल. चौथं कार्ड बीएलओचं, म्हणजे मतदारयादीच्या कामाचं, ओळखपत्र. गर्दीत एकदा पिवळ्याऐवजी तेच वर निघालं, आणि तो गडी तरीही मुकाट बाहेर जाऊन बसला. गुरुजींचा दरारा असा आहे.

सामन्याआधी गुरुजी नखं तपासतात. लोक हसतात, पण कबड्डीच्या नियमावलीत हे खरोखर आहे : नखं नीट कापलेली हवीत, अंगाला तेल नको, अंगावर दागिना नको. तेव्हा पंचवीस-तीस वर्षांचे, मिशा राखलेले, एरवी टेम्पो चालवणारे आणि वीटभट्टीवर हिशेब बघणारे गडी रांगेत उभे राहून दोन्ही हात पालथे धरतात. त्यातले निम्मे गुरुजींच्याच वर्गात शिकलेले. एखाद्याचा हात धरून गुरुजी विचारतात, "बे एके बे कुठपर्यंत येतं रे आता?" हा प्रश्न नियमावलीत नाही.

मग शिट्टी. चढाई करणाऱ्यानं मध्यरेषा ओलांडायच्या आत दम सुरू करायला हवा, आणि तो दम स्पष्ट आणि सलग हवा. गुरुजींना स्पष्ट म्हणजे चौथीच्या प्रकट वाचनाइतका स्पष्ट हवा असतो. कुणी 'बड्डी-बड्डी' केलं, शिट्टी. कुणी 'ड्डीड्डीड्डी' केलं, शिट्टी. एकजण नुसताच गुणगुणत गेला, त्याला गुरुजींनी परत बोलावून समोरच्यांना एक तांत्रिक गुण दिला आणि वर "क-ब-ड्डी, तीन अक्षरं" असं हाताच्या बोटांवर मोजून दाखवलं. पकडीत चढाईवाल्याचं तोंड दाबलं, शिट्टी. चड्डी ओढली, शिट्टी. पायांची कैची घातली, शिट्टी. या सगळ्या शिट्ट्या नियमातल्याच, त्यामुळे भांडायला जागा नाही. ज्या गोष्टीत भांडायला जागा नाही तिच्यावर आपल्याकडं किती भांडण होतं, ते बघायचं असेल तर पौषातल्या रात्री इथं यावं.

"ओ गुरुजी, खेळू द्या की पोरांना!"

"लगनात आलाव का वाजवाया?"

"त्यांना कल्याणच्या सिग्नलला उभं करा रं!"

गुरुजींना हे ऐकू येतं. शिट्टी तोंडात असल्यामुळे उत्तर देता येत नाही, एवढंच. खरं सांगायचं तर शिट्टी त्यांनी उत्तर न देण्याचं साधन म्हणून धरली असावी असा मला दाट संशय आहे.

पूर्वी निदान ही भांडणं डोळ्यांच्या भरवशावर चालायची. 26 जुलै 2014 ला मुंबईत प्रो कबड्डी सुरू झाली, यू मुंबा आणि जयपूर पिंक पँथर्स मॅटवर उतरले, आणि कबड्डी टीव्हीवर मोठी झाली. त्यातून अनुप कुमारची बोनस घ्यायची लकब इथल्या पोरांनी उचलली, 'थर्ड रेड' आणि 'सुपर टॅकल' हे शब्द म्हाताऱ्यांच्या तोंडी बसले, आणि रिव्ह्यू आला. आता शेतातल्या सामन्यातही कप्तान दोन्ही हातांनी हवेत टीव्हीचा चौकोन काढतो. टीव्ही नसतो. मग गर्दीतून एक मोबाइल पुढं येतो. त्यात हॅलोजनचा पिवळा गोळा, धूळ आणि कुणाच्या तरी काकांची टोपी दिसते. "झूम कर, झूम कर" म्हणत बाराजण त्यावर वाकतात आणि बाराजणांना बारा टच दिसतात. गुरुजी तेवढ्या वेळात पाणी पिऊन घेतात. त्यांचं म्हणणं असं की मोबाइल हा सामनाधिकारी नाही. त्यानं नखं कुठं दाखवलीत?

आसनगावहून कल्याणला नोकरीला जाणारी, रात्र जागून युरोपातला फुटबॉल बघणारी एक पिढीही आता मैदानाच्या कडेला उभी असते. त्यातल्या एकानं गुरुजींना सांगितलं, की जास्त शिट्टी हा जगाचाच रोग आहे. 2018 मध्ये रशियातल्या वर्ल्ड कपला पहिल्यांदा व्हिडिओ बघून निर्णय द्यायला लागले आणि पेनल्ट्या झाल्या 29. त्याआधी एका वर्ल्ड कपमध्ये 18 च्या वर कधी गेल्या नव्हत्या.

गुरुजी म्हणाले, "चोऱ्या वाढल्या नसतील रे. चौकीत बल्ब लागला असेल."

हे उत्तर मला पटलं होतं, अगदी हांगचौच्या कबड्डी फायनलपर्यंत. 7 ऑक्टोबर 2023, आशियाई खेळ, भारत आणि इराण, 28-28, सामना संपायला दोन मिनिटंही उरलेली नाहीत. भारताचा पवन सेहरावत कुणाला न शिवता कडेच्या राखीव क्षेत्रात, म्हणजे लॉबीत, गेला, त्याच्या मागोमाग इराणचे गडी गेले. जुना नियम म्हणतो, झटापट नसताना जे जे राखीव क्षेत्रात गेले ते सगळे बाद. नवा म्हणतो, चढाईवाला एकटाच बाद. निर्णय इकडचा तिकडं, तिकडचा इकडं झाला, खेळाडू मॅटवर बसकण मारून बसले, आणि बल्ब, कॅमेरे, मोठे मोठे अधिकारी सगळं असून खेळ तासाभराच्या आसपास बंद पडला. शेवटी भारत 33-29 नं जिंकला. दुसऱ्या दिवशी मुरबाडच्या एसटी स्टँडवर चहाबरोबर हाच विषय होता, आणि गुरुजी एकदम तरुण दिसत होते. एवढा गोंधळ त्यांच्या हातून आजवर एकाही शेतात झालेला नव्हता.

पण गुरुजींच्या शिट्ट्या जास्त का होतात, ते मला हांगचौमुळे नाही, फक्कीमुळे कळलं. बोनस रेषा मध्यरेषेपासून पावणेपाच मीटर आत असते. समोर सहा किंवा सात गडी असताना चढाईवाल्याचा एक पाय तिच्यापलीकडं टेकला पाहिजे आणि त्या क्षणी दुसरा पाय हवेत पाहिजे. मॅटवर ही रेषा रंगवलेली असते. शेतात ती फक्कीची असते, आणि दहा मिनिटांत चौदाजणांच्या पायांखाली ती पुसली जाते. त्यानंतर बोनस रेषा फक्त गुरुजींच्या डोक्यात उरते. दोन पाय, एक हवेत, एक खाली, मध्ये धूळ, समोरून हॅलोजन डोळ्यांत. गुरुजी वाकतात, बघतात आणि बोनस नाकारतात. गर्दी ओरडते. गुरुजींचा चेहरा हलत नाही, पण मन शिक्षकाचं आहे. आपण एका पोराचा गुण कापला की काय, ही टोचणी लागते. मग पुढच्या तीन-चार चढायांत समोरच्या संघाचा दम उशिरा सुरू झाल्याचं त्यांच्या कानांना हमखास ऐकू येतं. शिट्टी. एक तांत्रिक गुण. फिटंफाट.

फिटंफाट कसली! आता समोरचे ओरडतात. त्यांचा दम तर वेळेवर होता. म्हणजे त्यांचा एक गुण बाकी. मग त्यांच्यासाठी कुठं तरी ओढलेला बनियन सापडतो. ही परतफेड हाफटाइमनंतर व्याजासकट चालते. नियमाची शिट्टी सामन्यात असून असून किती असणार? बाकीच्या सगळ्या आधीच्या शिट्टीचं देणं म्हणून वाजतात. लोक म्हणतात गुरुजी पक्षपाती आहेत. छे! पक्षपाती पंच फार कमी शिट्ट्यांत काम उरकतो. जास्त शिट्टी वाजवणारा माणूस न्यायी असतो, आणि हिशेबात कच्चा असतो. युरोपातला रेफरीही पहिली पेनल्टी चुकली की दुसऱ्या गोलपोस्टकडं जरा जास्तच बारकाईनं बघत असणार, याबद्दल मला शंका नाही; त्याची गाडी पार्किंगमध्ये उभी असते, हा फरक.

कारण सामने संपतात रात्री दोन-अडीचला. शेवटची एसटी कधीच गेलेली. ज्यानं मोटारसायकलवरून आणलं तो कार्यकर्ता तोवर जेवणाच्या पंगतीत किंवा त्याच्याही पलीकडं असतो. तेव्हा गुरुजींना सरळगावला घरी नेणार कोण, हा प्रश्न फायनलच्या उत्तरार्धात हळूहळू मोठा होतो. आसपासच्या मंडळांना हे ठाऊक आहे. फायनलला आलेला संघ पहिल्यांदा विचारतो, समोरच्यांचा टेम्पो कुठल्या बाजूला जाणार?

परवाच्या पौषात, म्हशाच्या जत्रेच्या आगेमागे, एका फायनलला दोन संघ होते. एक इथलाच, स्टेशनकडचा. दुसरा नदीपलीकडचा, त्यांचा टेम्पो थेट सरळगावावरून जाणारा. सगळ्यांनी धरूनच चाललं की आज नदीपलीकडच्यांची चांदी आहे. गुरुजींच्या कानावर ते आलं असावं. टेम्पोमुळे झुकला असं कुणी म्हणू नये म्हणून गुरुजी त्या रात्री नदीपलीकडच्यांशी जे वागले, ते सावत्र आईसुद्धा वागणार नाही. पहिल्या डावात त्यांचा एक बोनस नाकारला. त्याची परतफेड करायला शिट्टी ओठापर्यंत गेली आणि टेम्पो आठवून खाली आली. शेवटच्या मिनिटाला त्यांच्या कोपऱ्यानं घोट्यात सुरेख पकड केली, तिच्यात गुरुजींना कैची दिसली. असे दोन गुण अंगावर ठेवून त्यांनी लांबलचक शिट्टी मारली. नदीपलीकडचे एका गुणानं हरले.

स्टेजवर गुरुजींना शाल, नारळ आणि मानधनाचं पाकीट मिळालं. जिंकलेला संघ चषक डोक्यावर घेऊन चालत घरी गेला, कारण त्यांचं घर तिथंच होतं. मैदानात उरला टेम्पो.

गुरुजी ड्रायव्हरच्या शेजारी नारळ मांडीवर घेऊन बसले. मागं सात गडी, राखीव पाच, आणि एक शब्द नाही. किन्हवली गेली. गुरुजींनी एकदा घसा साफ करून "थंडी आहे" असं म्हणून बघितलं. ड्रायव्हरनं काच वर केली. सरळगावच्या नाक्याला टेम्पो थांबला. गुरुजी उतरले. मागून कप्तान उतरला, तसा गुरुजींचा हात नकळत शिट्टीकडं गेला.

कप्तान म्हणाला, "गुरुजी, पुढल्या शनवारी आमच्या गावात सामने हायेत. पंच म्हनून तुमीच या."

"मी?" गुरुजी म्हणाले. "आज एवढं झाल्यावर?"

"म्हनूनच तं. आमचं दोन पाइंट तुमच्याकं बाकी हायेत. ते दुसरा पंच कशाला दील?"

गुरुजींनी खिशातून छोटी डायरी काढली, टेम्पोच्या हेडलाइटसमोर धरली आणि विचारलं, "यायला-जायला गाडी कुणाची?"