लिदीला आला भाव

"आक्का, ऐकलासा काय? घोडेवाला लिदीच्या पोत्याला पैसे मागालाय म्हणं!"

"तुला कुणी सांगितलं?"

"गिरणीत सगळ्या तेच बोलालत्या. तुमची वांगी बघितल्यापास्नं त्याचं डोळं फिरल्यात म्हणं."

"व्हय गं. परवा मी पाटी घेऊन गेलो तर दारातच आडवा हात लावून उभा. पोत्याला वीस रुपये म्हणतोय. मी म्हटलो, बाबा, गेल्या साली हीच लीद तू ओढ्यात ढकलत होतास. खाली धुणं धुणाऱ्या बायका तुझ्या नावानं बोटं मोडायच्या. तवा मला फुकट दिलास आणि वर चहा बी पाजलास."

"मग?"

"म्हणतोय, धनगराला मेंढरं बसवायचं पैसे मोजतासा, मग माझ्या घोड्यांनी काय पाप केलंय?"

"बोलणं बरोबर हाय की त्याचं."

"तू कुणाच्या बाजूनं हैस? मेंढरं आपल्या पायानं रानात येत्यात. लेंडी तिथंच, मूत तिथंच. सकाळी कळप पुढं गेला की रान तयार. ह्याची लीद मी भरायची, मी ओढायची, वर तीन-चार महिनं मीच शिजवायची. कच्ची लीद काय कामाची? मास्तरांच्या गुलाबांचं काय झालं बघितलीस न्हवं?"

"पानं पिवळी पडल्यात. मला वाटलं पाणी कमी पडलं."

"पाणी कुठलं! ताजी लीद बुडात घातली. ती मातीत तापती, मुळं भाजत्यात. वर गुलाबापेक्षा गवतच उंच. गाय रवंथ करती, खाल्लेलं परत चावती, चार कप्प्यांतनं फिरवती. घोड्याला रवंथ न्हाई. गवताचं बी बरंचसं हाय तसं बाहेर पडतंय. म्हणून लीद तापवूनच घालायची. माझं माहेर बेळगावचं. स्टेशनाबाहेर टांगं असायचं, कॅम्पातल्या बंगल्यांचं माळी लीद न्यायला यायचं. पण नेली तशी झाडाला घातली न्हाई कुणी, आधी ढीग लावायचं."

"मास्तर आता पुस्तकं घेऊन बसल्यात म्हणं."

"काल ह्याच कुंपणाशी तासभर ऐकलो की! अल्बर्ट हॉवर्ड म्हणून साहेब 1924 ते 1931 इंदूरला होता. थरावर थर द्यायचा, मधनंमधनं उलथायचं, ही त्याची इंदूर पद्धत. 1939 च्या सुमाराला बंगळूरच्या विज्ञान संस्थेत आचार्य म्हणून होते, त्यांची बंगळूर पद्धत. खड्डा भरा, वर माती लिंपा, उलथूच नका. तिसरी यवतमाळकडल्या पांढरीपांड्यांची नाडेप, भोकाभोकांचं विटांचं टाकं. आता मास्तरांना सीमाप्रश्नाशिवाय घास उतरत न्हाई, तुला ठाऊकच हाय. नाडेपच पायजे म्हणून हटून बसल्यात. पोरगा बंगळूरला नोकरीला, त्यो म्हणतोय बंगळूरची. दोघं बोलत न्हाईत आता."

"आणि तुमची कंची?"

"माझी इंदूरची म्हण. होळकरांचं गाव, म्हणजे आपलंच की."

"आक्का, खरं सांगा, नुसतं रचून ठेवलं की होतंय?"

"नुसतं रचून कुठलं! त्याच्या तबेल्यात खाली पाचट अंथरतात. मुतानं भिजलेलं ते पाचट लिदीबरोबरच उचलायचं, नत्र त्यात असतंय. ढीग कंबरेएवढा, लांबी-रुंदी बी तीन फुटाच्या खाली नको, न्हाईतर ऊबच धरत न्हाई. मुठीत दाबलं की ओल लागावी, पाणी गळू नये. मी आत लोखंडी सळी खुपसून ठेवतो. दोन-तीन दिवसांनी उपसली की हातात धरवत न्हाई, 60 अंशाच्या घरात जातंय आत. पण कडेला तेवढं तापत न्हाई, तिथलं बी मरत न्हाई. म्हणून आठवड्याला कडेचं आत, आतलं कडेला. पावसात वर पत्रा टाकायचा. काळं पाणी वाहून गेलं की सत्त्वच गेलं."

"पहिल्या आठवड्यात आमच्या स्वयंपाकघरात लई उग्र वास येतोय बरं का. सांगणार न्हवतो, पण विषय निघालाय म्हणून."

"डोळ्याला झोंबतोय त्यो न्हवं? मूत जास्त, सुकं कमी. अजून पाचट घालतो. तू बी आधी सांगायचं की गं."

"आमच्यात वखारीतनं आणलेली तंबाखूची भुकटी पडलीया. देऊ काय ढिगात घालायला?"

"हात लावू नको! वांगी, टोमॅटो, मिरची ही तंबाखूची भावकी. तंबाखूच्या पानावर मोझॅक पडतोय, त्याचा विषाणू वाळल्या पाल्यात बी जगतोय आणि 60 अंशाला दाद देत न्हाई. निपाणी तंबाखूवर मोठी झाली हे खरं, पण माझ्या ढिगात तंबाखू नको. मामंजींना बी सांग, चिमूट मळली की हात धुवून मगच टोमॅटोत शिरा. आणि तू अनवाणी येतीस ढिगापाशी, ते बंद कर. लिदीत धनुर्वाताचं जंतू असत्यात. पायाला चीर पडली तर सरळ दवाखान्यात जाऊन इंजेक्शन."

"असू दे. वीस रुपयांचं काय ठरवलासा?"

"एक रुपया न्हाई. एक घोडा दिवसाला 15-20 किलो टाकतोय, ह्याची तीन घोडी. चार दिवस मी पाटी घेऊन गेलो न्हाई की तबेल्यात पाय ठेवायला जागा न्हाई. ओल्यात उभं राहून घोड्याचं खूर सडत्यात. मग जत्रंतल्या शर्यतीला काय गाढव जुंपणार? आपनच येईल दारात. फक्त आठ दिवस गल्लीतल्या कुणीबी त्याच्याकडं जायचं न्हाई."

"..."

"गप का झालीस?"

"आमच्या ह्यांनी सकाळीच दोन पोती आणून टाकली, आक्का. चाळीस रुपये देऊन."

"चाळीस! सुकी का ओली?"

"ओलीच. वाफ निघालीया अजून."

"ताज्या लिदीत चार हिश्शांतलं तीन हिस्सं पाणी. तीस रुपये पाण्याचं मोजलं तुझ्या नवऱ्यानं. दोन पोत्यांत ढीग तापत बी न्हाई. दे ती कुंपणावरनं इकडं, माझ्यात मिसळतो. खत झालं की त्यातलं निम्मं तुझं. चाळीस रुपये मात्र तुमच्याच खात्यावर."