निरंक असल्यास निरंक भरावे

प्रति,
श्रीमती लिंकबाई,
मु. पो. मुख्याध्यापकांचा व्हॉट्सॲप ग्रुप

विषय : आपल्या थोर शैक्षणिक कार्याबद्दल आभार.

सा. न. वि. वि.

आपण कधी एकट्या येत नाही. पुढे ‘अत्यंत तातडीचे’ हा भालदार, मागे ‘आज दुपारी 3 पर्यंत’ हा चोपदार, आणि शेवटी ते अमर वाक्य : ‘निरंक असल्यास निरंक भरावे’. म्हणजे काही घडलेलं नसलं, तरी ते घडलं नाही हे कळवायला हातातला खडू खाली ठेवायलाच हवा.

परवा आठवीला रुधिराभिसरण चाललं होतं. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून माझ्याच फोनचं चित्र वर्गातल्या टीव्हीवर घेतलं होतं. पडद्यावर हृदय धडधडत होतं, मागच्या बाकावरचा कायमचा झोपाळूसुद्धा मान वर करून बघत होता, आणि बरोबर डाव्या निलयावर आपण अवतरलात. वर्गाने एका सुरात वाचलं, “अत्यंत तातडीचे!” एक जण समजूतदारपणे म्हणाला, “मॅडम, भरून घ्या, आम्ही गप बसतो.” पोरांना आता सवय झाली आहे. मी फॉर्म उघडला, तसं हृदय थांबलं.

पहिलाच प्रश्न : ‘आपल्या शाळेत डिजिटल साक्षरता उपक्रम राबविला जातो काय?’ होय किंवा नाही. शेजारी लाल चांदणी, म्हणजे सुटका नाही. ‘राबवत होते, तेवढ्यात आपण आलात’ असा पर्याय काही सापडला नाही. खाली जिओटॅगचा फोटो मागितलेला. म्हणून चार मुलांना टीव्हीकडे बोट दाखवत उभं केलं. फोनचा कॅमेरा सुरू झाल्यामुळे टीव्हीवर हृदयाच्या जागी टीव्हीकडे बोट दाखवणारी तीच चार मुलं दिसत होती. फोटो बिनतक्रार स्वीकारला गेला. उपक्रम यशस्वी.

आपल्याला कल्पना असेलच, नवी मुंबईतली आमची तळवली काही आडरानात नाही. शेजारी घणसोलीत रिलायन्सचं कॉर्पोरेट पार्क. जिओची सेवा 2016 साली सर्वांसाठी खुली झाली तीही 5 सप्टेंबरला, शिक्षकदिनी. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटरच्या इमारती उभ्या आहेत. देशभराचा डेटा दारावरून जातो, आणि वर्गातला डेटा माझ्या महिन्याच्या रिचार्जमधून. तक्रार नाही. गुरुदक्षिणा उलट्या दिशेनेही वाहू शकते, एवढंच नोंदवते.

आपल्या कुळात चांगली माणसंही आहेत, हे मान्य करायला हवं. क्यूआर कोड हीसुद्धा एक लिंकच. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकात तो चौकोन आणला. पुढे तो राज्याच्या पाठ्यपुस्तकांत गेला. 2020 साली गुरुजींना 10 लाख डॉलरचं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली. ती लिंक पुस्तकातून पोराकडे जाते. आपण वरून खाली येता, माझ्याकडून माहिती घेता आणि वर निघून जाता. पोरं वाटेत कुठेच लागत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात माझ्या वर्गात एक पत्रक फिरलं : ‘उद्या अतिवृष्टीमुळे सर्व शाळांना सुट्टी.’ वर बोधचिन्ह, खाली सही, सगळं झकास. एका मुलीने पत्र मोठं करून पाहिलं. तारखेतला शेवटचा आकडा बाकीच्यांपेक्षा जाड होता आणि जावक क्रमांकात मागचं साल तसंच राहिलं होतं. जुन्या पत्राला कुणीतरी नवी तारीख चिकटवली होती. मी त्या दिवशी भूगोल बाजूला ठेवला. पत्र कुणाकडून आलं, अधिकृत पानावर आहे का, तुला ते खरं असावंसं वाटतं म्हणून तर तू पुढे पाठवलं नाहीस ना, यावर तास छान रंगला. ‘असर’ या शैक्षणिक अहवालाच्या 2024 च्या ग्रामीण पाहणीत 14 ते 16 वर्षांच्या 82 टक्के मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असं सांगितलं. आमच्या गावठाणात तो प्रश्न विचारण्याचीही गरज नाही. येत नाही ते थांबणं.

तास संपताना फळ्यावर लिहिलं : अनोळखी लिंकवर बोट ठेवू नये. लिहून वळते तो फोन वाजला. आपणच. पाठवणारा नंबर अनोळखी, पत्ता आखूड केलेला, आत मुलांची नावं, जन्मतारखा आणि आधार क्रमांक भरायचे. तेही एकाच शीटमध्ये, जी ग्रुपवरचा कुणीही उघडून वाचू शकतो. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा 2023 चा कायदा मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. आपण संमती मागत नाही, ‘100 टक्के’ मागता. मी फळ्याकडे पाठ केली आणि भरलं. ज्या शिक्षकाचं बोट सगळ्यात आधी पडेल त्याला ग्रुपवर टाळ्यांची चित्रं मिळतात, आणि आम्ही मुलांना सावध राहायला शिकवणार!

ऑगस्ट 2024 मध्ये शासनाने शिक्षकांची शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामं वेगळी करणारा निर्णय काढला. त्याची पीडीएफ मोठ्या आशेने उघडली. बंद केली, तर तिच्याच खाली आपण उभ्या होतात.

तेव्हा काही किरकोळ विनंत्या. एकदा दिलेली पटसंख्या दर आठवड्याला नव्याने विचारू नये. पोरं इतक्या वेगाने जन्मत नाहीत. आधार क्रमांक उघड्या शीटवर मागू नयेत. आणि यायचंच असेल, तर शाळा सुटल्यावर यावं.

हृदयाचा डावा भाग शिकवायचा राहिला आहे. व्हिडिओ रात्रीच उतरवून ठेवलाय. उद्या तिसऱ्या तासाला फोन फ्लाइट मोडवर असेल. तेवढ्या वेळापुरतं माझ्या रकान्यात निरंक समजावं.

आपली,
आठवी ‘ब’ची वर्गशिक्षिका,
तळवली