झोपेत ओलांडला जाणारा खाणपट्टा

प्रति,
हिंजवडी आयटी पार्कमधील समस्त शुक्रवारचे गोवा-प्रवासी

विषय : वाटेतल्या माजी खाणगावांची दखल घेण्याबाबत

बेळगावहून चोर्ला घाटाने उतरणारा रस्ता केरी, साखळी, डिचोली करत म्हापशाला जातो. साखळी-डिचोली हा गोव्याच्या लोहखनिजाचा पट्टा. संध्याकाळी वाकडच्या पुलाजवळून निघालेला हिंजवडीकर तो पहाटे ओलांडतो, तोंडावर पांघरूण घेऊन. किनाऱ्यासाठी शक्ती राखून ठेवण्याची त्याची दूरदृष्टी वाखाणण्यासारखी आहे.

इथल्या खाणींचे मूळ परवाने पोर्तुगीज अमलातले, तेही कायमचे. 1987 च्या कायद्याने त्यांचे मुदतीचे खाणपट्टे झाले. खनिज ट्रकने नदीकाठच्या धक्क्यावर, तिथून बार्जने मांडवीतून मुरगाव बंदरात आणि पुढे जपानला जाई. या शतकाच्या सुरुवातीला चीनने हलक्या प्रतीचा मालही उचलायला घेतला आणि टेकड्या भराभर उतरू लागल्या. एक टन खनिजासाठी दोन-तीन टन माती बाजूला टाकावी लागते. पावसाळ्यात ती शेतात आणि ओढ्यात उतरे. खड्डे भूजलाच्या पातळीखाली गेले की आसपासच्या विहिरी आटत. टँकरवर आंघोळ करणाऱ्या फेज तीनच्या रहिवाशांना हा भाग वेगळा समजावण्याची गरज नाही.

गावकऱ्यांनी कर्ज काढून ट्रक घेतले आणि खाणीवर लावले. माण-मारुंजीतही एमआयडीसीत भातखाचरे गेलेल्यांनी खोल्या बांधून भाड्याने दिल्या, गाड्या कंपनीला लावल्या. दोन्हीकडचा हिशोब सारखाच: काम चालू आहे तोवर हप्ता फिटतो. सप्टेंबर 2012 मध्ये, बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर, गोवा सरकारने खाणी थांबवल्या आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. हप्ते थांबवण्याचे मात्र कोणाला सुचले नाही. 2014 मध्ये वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेत परवानगी मिळाली. फेब्रुवारी 2018 मध्ये 88 पट्ट्यांची नूतनीकरणे रद्द झाली. पुढे लिलाव होऊन काही ठिकाणी काम पुन्हा सुरू झाले. तेव्हा ‘माजी’ हे विशेषण इथे माजी आमदाराच्या चालीवर घ्यावे.

प्रेक्षणीय स्थळे म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी कापलेले डोंगर, टाकाऊ मातीच्या टेकड्या आणि पाण्याने भरलेले खोल खड्डे. खड्ड्याचे पाणी फोटोत सुंदर येते. हिंजवडीच्या जाहिरातदारांनी ते पाहिल्यास ‘लेक व्ह्यू’ हे शब्द आपोआप सुचतील. पोहणे मात्र जिवावरचे आहे, कारण कडे सरळ तुटलेले आणि माती ठिसूळ असते. कुंपणाआड परवानगीशिवाय जाऊ नये. उन्हाळ्यात लाल धूळ उडते आणि पावसात वाट निसरडी होते, म्हणून दिवाळीनंतरचे दिवस बरे.

चोर्ल्याची वाट धरणाऱ्या बसच्या चालकाला साखळीला उतरायचे असल्याचे आदल्या रात्रीच सांगून ठेवावे. सीटखाली सरकलेल्या चपलाही घाट लागण्यापूर्वी शोधाव्यात.

कळावे.