डब्याचा वानप्रस्थ

मराठी घरात माणूस निवृत्त होतो, डबा होत नाही. माणसाला शाल-श्रीफळ देऊन घरी बसवता येतं. डबा मुळात घरीच कामाला असतो, त्याला बसवणार कुठे?

आमच्या सासूबाईंच्या राज्यात तर चारही आश्रम डब्यांना लागू आहेत. 15 किलोचा गोडेतेलाचा चौकोनी डबा वाण्याच्या दुकानात असतो तोवर ब्रह्मचारी. घरी आला, तेल संपलं, सोडा घालून उकळत्या पाण्यानं धुतला आणि वर झाकण बसवून घेतलं, की गृहस्थाश्रम सुरू. मग गहू, ज्वारी, दिवाळीत चकल्या, मे महिन्यात कुरडया, असा भरला संसार. पुढे कधीतरी बुड गंजायला लागतं. त्या दिवशी सासूबाई खिळा आणि हातोडी मागतात, बुडाला भोकं पाडतात, आणि पोटात माती, डोक्यावर कढीपत्ता घेऊन डबा गॅलरीत वानप्रस्थाला जातो. पूर्वीच्या लोकांना त्यासाठी वनात जावं लागे. इथे वनच डब्यात येतं. चौथा आश्रम म्हणजे भंगारवाला. पण त्याची दीक्षा सासूबाई सहसा कुणाला देत नाहीत.

त्यामुळे आमची गॅलरी म्हणजे वृद्धाश्रमच. टवके उडालेल्या इनॅमलच्या टोपात पुदिना आहे. त्याला स्वतंत्र खोली द्यावी लागते, कारण तो मातीखालून हातपाय पसरतो आणि शेजाऱ्याच्या जागेवर हक्क सांगतो. रंगाच्या बादलीत गवती चहा. आलं सिमेंटच्या गोणीत. मानाचं स्थान डालडाच्या डब्याला. डालडा बाजारात आला 1937 साली. आमचा डबा अर्थात पुष्कळ नंतरचा, पण पत्र्याचाच, पिवळा, वर हिरवं पामचं झाड असलेला. बाहेर एक झाड छापलेलं होतंच, सासूबाईंनी आत दुसरं लावलं. ओव्याचं.

हा ओवा खरं तर ओवाच नव्हे. पुरीत पडतो तो ओवा कोथिंबिरीच्या कुळातला. हा जाड, लवदार पानांचा इसम तुळशी-पुदिन्याच्या. पण वास सारखा असल्यामुळे दुसऱ्याचं आडनाव लावून तो सुखानं नांदतो आहे. भजी मात्र अव्वल होतात. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या पापडांवर आमच्या गॅलरीतून गढूळ पाणी ठिबकलं, की तक्रार वर येण्याआधी भज्यांची ताटली खाली जाते. सोसायटीच्या वार्षिक सभेत आमचा विषय अजून निघालेला नाही, याचं श्रेय त्या ओव्याला आहे.

कोथिंबिरीची कथा वेगळी. ती फुटक्या घमेल्यात. धणे आधी चपलेखाली हलक्या हातानं, म्हणजे हलक्या पायानं, रगडायचे. एका धण्याचे दोन झाले की पेरायचे. मग आठ-दहा दिवस ओल्या मातीकडे बघत बसायचं. ती उगवते, दोन बोटं वाढते आणि ऊन जरा तापलं की फुलावर येऊन जबाबदारीतून मोकळी होते. तिकडे कोपऱ्यावरचा भाजीवाला पावशेर भेंडीवर मूठभर कोथिंबीर फुकट देतो. तो देतो असं म्हणणंही चूकच. तो आपला हक्क आहे. मग हा खटाटोप कशासाठी? पाहुण्यांनी पोह्यांवरची कोथिंबीर पाहून काही बोलायच्या आत “घरचीच आहे हो” म्हणता यावं म्हणून. घमेल्यातलं खरं पीक हे वाक्य आहे. आणि त्याला बारमाही बहर असतो.

कढीपत्त्यावर अधूनमधून सुरवंट येतात. लहान असताना ते हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसतात, त्यामुळे पक्षीही त्यांच्या वाटेला जात नाहीत. मोठे झाले की हिरवेगार होतात. काडीनं डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढतात आणि उग्र वास सोडतात. यांचीच पुढे फुलपाखरं होतात, आणि यांचा भाऊबंद ब्लू मॉर्मन 2015 पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “असू दे. सरकारी पाहुणा आहे म्हणून माझी फोडणी उपाशी ठेवू का?” तरी त्यांनी सुरवंटांसाठी एक फांदी राखून ठेवली आहे.

या आश्रमव्यवस्थेला हादरा दिला आमच्या लेकीनं. तिनं ऑनलाइन कुंडी मागवली. नवा कोरा डबा, पण कंपनीनं मुद्दाम पोचे पाडलेला आणि गंजाचा रंग दिलेला. किंमत 800 रुपये. संसार न करताच थेट वानप्रस्थात जन्मलेला डबा सासूबाई प्रथमच पाहत होत्या.

“अगं, गंजका दिलाय तुला. परत कर.”

“आजी, तो तसाच असतो. रस्टिक लूक म्हणतात.”

“मग आपले गॅलरीतले?”

“ते नुसतेच गंजलेत.”

सासूबाईंनी चष्मा लावून डबा फिरवून फिरवून पाहिला. खऱ्या गंजाला शिस्त असते. पत्र्यावर कथलाचा पातळ थर असतो. खिळ्यानं तो फाटला की गंज तिथून सुरू होतो आणि पाणी जिरेल तसा बुडाकडून वर चढतो. इथे गंज बरोबर मधोमध, फोटोत दिसेल असा, आणि बुड लख्ख. बुडाला भोकही नव्हतं.

लेकीनं त्यात बेसिल लावलं. सासूबाईंनी पान चुरडून वास घेतला. “हा तर सब्जा!” आणि वनस्पतिशास्त्र त्यांच्या बाजूनं आहे: फालुद्यातला सब्जा म्हणजे बेसिलचंच बी. तेव्हापासून लेक पेस्टो करते आणि सासूबाई त्याला सब्जाची चटणी म्हणतात. मिरची कमी पडली असा शेराही असतो.

पण भोक नसल्यामुळे पाणी तळाशी साचलं, मुळं कुजली, बेसिल पिवळं पडलं. सासूबाईंनी त्यातली एक धड फांदी खुडून डालडाच्या डब्यात ओव्याशेजारी खोचली. तिथे ती तरारली. रिकामा झालेला रस्टिक डबा त्यांनी चिंच लावून घासला, उन्हात ठेवला आणि उचलून स्वयंपाकघरात नेला. “बुड शाबूत आहे. एवढा धड डबा मातीत घालायचा?” आता त्यात लसूण असतो. उशिरा का होईना, त्याला गृहस्थाश्रम लाभला.

परवा लेकीच्या मैत्रिणी आल्या होत्या. रविवारी जुना बाजार पालथा घालून गंजक्या किटल्या शोधणाऱ्या मुली त्या. स्वयंपाकघरातल्या 800 रुपयांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. त्या सगळ्या गॅलरीत डालडाच्या डब्याभोवती जमल्या आणि फोटो काढू लागल्या.

“आजी, कुठून घेतलात हा? महाग असेल ना?”

“छे गं,” सासूबाई म्हणाल्या, “वाण्याकडून. तुपावर फुकट मिळाला.”